रंकाळ्याचा काठ आणि थंडीतली बदके : एका तलावाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

रंकाळ्यावर थंडीत उतरणारी स्थलांतरित बदके आता पूर्वीसारखी दिसत नाहीत, अशी तक्रार कोल्हापुरात रोज पहाटे तलावाकडे फिरायला येणारे ज्येष्ठ आणि दुर्बीण घेऊन येणारे तरुण असे दोघेही करतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग ही नावे निघाली की जुन्या मंडळींचा हात आपसूक परताळ्याच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या काठाच्या, बाजूला वळतो. त्याच पाण्यावर आज पाणकावळे, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि टिबुकल्या आहेत, त्यामुळे तलाव पक्ष्यांना पारखा झाला असे कुणी म्हणू शकणार नाही. फरक पडला आहे तो पक्ष्यांच्या प्रकारात. खोल पाण्यात बुडी मारणारे आणि पाणवनस्पतींच्या गादीवर चालणारे पक्षी टिकून आहेत. वीतभर पाण्यात चरणारे आणि ओल्या चिखलात चोच खुपसणारे हिवाळी पाहुणे मात्र वरून घिरट्या घालतात आणि पुढे निघून जातात.

या बदलाचे कारण विचारले की उत्तर बहुधा एका दमात मिळते. कुणी प्रदूषण म्हणतो, कुणी हवामान बदल, कुणी चौपाटीवरची गर्दी. यातले एकही उत्तर खोटे नाही, पण एकही पुरेसे नाही, कारण तेच प्रदूषण आणि तीच गर्दी सोसून वारकरी व पाणकोंबड्या मजेत राहिल्या आहेत. एकाच तलावात काही पक्षी वाढावेत आणि काही हटावेत, हे ज्या कारणाने स्पष्ट होईल ते कारण शोधणे हा या लेखाचा हेतू आहे. माझ्या मते ते कारण तलावाच्या काठात आहे, नेमके सांगायचे तर त्या काठाचा उतार किती आहे आणि थंडीत तो कधी उघडा पडतो यात आहे. बदलता पाऊस, सांडपाणी आणि दगडी बांधकाम या तिन्हींचा मार बदकांना बसतो तो या उथळ पट्ट्यातूनच.

काठाची ठेवण

रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असे परंपरेने सांगितले जाते. शहराकडच्या बाजूला आज चौपाटी, रंकाळा टॉवर, पद्माराजे उद्यान आणि दगडी कठड्याच्या आतून जाणारी फिरण्याची वाट आहे. पाणी जिथे संपते तिथे थेट भिंत किंवा पायऱ्या सुरू होतात. काठावरचा शालिनी पॅलेस आणि पावसाळ्यात पाण्यात बुडणारा संध्यामठ या देखाव्यासाठी रंकाळा प्रसिद्ध आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाजू वेगळीच. परताळ्याकडे मातीचा काठ, पाणकणसाची बेटे आणि पलीकडची शेती यांच्यामुळे जमीन व पाणी यांच्यात अजून थोडी संदिग्धता शिल्लक आहे, आणि पाणथळ पक्ष्यांना हवी असते ती हीच संदिग्धता.

थापट्याची चोच पुढे पसरट असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पोहता पोहता पाण्याचा वरचा थर गाळून तो त्यातले सूक्ष्म जीव खातो, म्हणून खोल पाण्यातही त्याचे काही काळ भागते. तलवार बदकाची मान लांब. ते शेपूट वर करून उलटे होते आणि हात-सव्वा हात खोलीपर्यंतचे बी व कंद काढते. चक्रांग आकाराने लहान, त्यामुळे त्याला त्याहून उथळ पाणी लागते. शेकाट्याचे पाय लांब असले तरी वीतभर पाण्यापलीकडे तो सहसा जात नाही, आणि चिखल्या तर नुकत्याच उघड्या पडलेल्या ओलसर चिखलावरच धावतो. थोडक्यात, तलाव कितीही मोठा असला तरी या पाहुण्यांच्या उपयोगाची असते ती काठालगतची काही मीटर रुंद पट्टी. मधले शेकडो मीटर पाणी त्यांना विश्रांतीला कामी येते, जेवायला नाही.

ही पट्टी किती रुंद असते याचा हिशेब अगदी शाळकरी आहे. थंडीत बाष्पीभवनाने तलावाची पातळी रोज साधारण ४ मिलिमीटर उतरते असे धरले, तर महिन्याला १२ सेंटिमीटर पाणी कमी होते. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असा मंद असेल, तर या १२ सेंटिमीटरांमुळे महिन्याभरात ६ मीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो आणि त्याच्या पुढे २० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा १० मीटर रुंदीचा उथळ पट्टा कायम राहतो. असा काठ ५०० मीटर लांब असला तर ३,००० चौरस मीटर नवे कुरण दर महिन्याला मिळते, आणि तेही थोडे थोडे, रोज नवे, म्हणजे किडे व अळ्या नुकत्याच उघड्या पडलेल्या अवस्थेत. उतार २० मीटरला १ मीटर असेल तर हाच चिखल २ मीटर ४० सेंटिमीटरवर येतो. भिंत असेल तर शून्य. भिंतीवरची ओलीची रेघ १२ सेंटिमीटर खाली सरकते, एवढाच काय तो बदल.

भिंतीवरही जगणारा एक पाहुणा आहे, त्याचा उल्लेख इथे करायला हवा. सामान्य तुतारी हा मैनेपेक्षा थोडा छोटा, वरून तपकिरी व खालून पांढरा पक्षी थंडीत कोल्हापूरच्या बहुतेक पाणवठ्यांवर एकेकटा दिसतो. शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत तो दगडी पायऱ्यांच्या कडेने चालतो, शेवाळलेल्या सांध्यात चोच घालतो, काही सापडले की दोन पावले थांबतो आणि माणूस जवळ आला की पाण्याला घासत, पंख ताठ धरून, थरथरत उडत पुढच्या पायरीवर जाऊन बसतो. त्याला दोन विती रुंदीची ओली कड पुरते. चौपाटीवर हा पक्षी दिसतो आणि चिखल्या दिसत नाही, यातच काठाचे म्हणणे बरेचसे सिद्ध होते. तुतारीकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण तिची गोष्ट इतकी सरळ नाही.

पाऊस आणि पाणी उतरण्याची वेळ

काठाचा उतार ही जागेची बाब झाली. दुसरी बाब वेळेची, आणि हवामान बदलाचा संबंध प्रामुख्याने तिच्याशी आहे.

हिवाळी पाहुणे एकदम येत नाहीत. तुताऱ्या आणि भुवई बदके ऑगस्ट-सप्टेंबरातच दख्खनवर पोहोचू लागतात, बाकीची बदके ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. जुन्या लयीत सप्टेंबरअखेर पाऊस ओसरायचा, दसऱ्यानंतर तलावांचे पाणी हळूहळू उतरू लागायचे आणि दिवाळीपर्यंत काठावर चिखलाची पहिली पट्टी तयार असायची. पाहुणे आणि पट्टी यांची गाठ पडायची. अलीकडे ही गाठ वारंवार चुकते. २०१९ साली नैर्ऋत्य मोसमी पावसाची देशातून माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, आणि नोंदींच्या इतिहासात इतकी उशिराची माघार त्याआधी झालेली नव्हती. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यात बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने दक्षिण महाराष्ट्र झोडपून काढला. हवामान विभागानेही २०२० मध्ये माघारीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. असे लांबलेले पाऊस तलाव पुन्हा काठोकाठ भरून टाकतात, आणि बदके येतात तेव्हा त्यांच्या वाट्याला नुसते खोल पाणी असते.

याच गोष्टीचे ठळक उदाहरण उजनीवर पाहायला मिळते. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या त्या धरणाच्या फुगवट्यात, भिगवणच्या परिसरात, रोहित (फ्लेमिंगो) आणि बदके ज्या वर्षी पाणी लवकर उतरते त्या वर्षी वेळेवर आणि मोठ्या संख्येने दिसतात, आणि धरण तुडुंब राहिले की उशिरा व तुरळक येतात. उजनीचे विस्तीर्ण मंद उतार डिसेंबर-जानेवारीत का होईना, पण उघडे पडतात. पक्ष्यांचा हंगाम मागे सरकतो, बुडत नाही. रंकाळ्याला ती सवलत नाही. जिथे भिंत आहे तिथे उशिराचा हंगामही येत नाही.

पूर हा या चित्राचा दुसरा भाग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पुराचा थेट फटका हिवाळी बदकांना बसत नाही, कारण ती तेव्हा सैबेरिया आणि मध्य आशियात असतात. पण पूर ओसरल्यावर शिरोळ-हातकणंगल्याच्या सखल शिवारांत आठवडेच्या आठवडे पाणी साचून राहते, गोगलगायी माजतात आणि त्यांवर उघड्या चोचीचे करकोचे व शराटी उतरतात. पुरानंतर पक्षी वाढल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक या मोठ्या पायांच्या पक्ष्यांच्या असतात. त्या बातम्या खऱ्याच, पण बदकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्या वाचू नयेत.

नदी मग पर्याय का ठरत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने बनलेल्या पंचगंगेच्या पात्रात थंडीत वाळूचे व गाळाचे उघडे पट्टे मिळायला हवेत. पण या खोऱ्यात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जातात, पाणी मागे तुंबते आणि उसाच्या पंपांसाठी पात्र काठोकाठ भरलेले राहते. शेतीसाठी ही व्यवस्था किती मोलाची आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिच्यावर बोट ठेवण्याचा हेतूही नाही. तिचा एक न मोजलेला परिणाम मात्र असा की चिखल्या आणि धोबी यांच्यासाठी नदीकाठची उथळ पट्टी नेमकी त्यांच्या हंगामातच पाण्याखाली जाते. शिवाय याच पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले आणि शाळूची शेते मागे सरली. उन्हाळ्यात मध्य आशियात टोळधाडीवर पिल्ले वाढवून जुलै-ऑगस्टपासून इकडे येणाऱ्या भोरड्यांचे थवे शाळूवर तुटून पडत आणि शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत. उसाच्या शिवारात भोरडीला खायला नाही आणि गोफणीला काम नाही.

केंदाळ आणि सांडपाणी

रंकाळ्याची चर्चा केंदाळाशिवाय, म्हणजे जलपर्णीशिवाय, पुरी होत नाही. शहराच्या वाढत्या वस्तीचे सांडपाणी श्याम सोसायटीच्या नाल्यासारख्या वाटांनी तलावात येत राहिले, पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस साठले आणि कधी केंदाळाची हिरवी चादर, कधी हिरव्या शेवाळाची दाट साय असे आलटून पालटून चालले. नाले वळवण्याची आणि केंदाळ काढण्याची कामे अनेकदा झाली. गणेश विसर्जनाचा मोठा भार शेजारच्या इराणी खणीकडे नेला गेला, हा बदल तलावाच्या निश्चितच पथ्यावर पडला.

पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर सांडपाण्याचा परिणाम सरळ रेषेत जात नाही, आणि इथे पर्यावरणाविषयी लिहिणारे अनेकजण घाई करतात. थोडे सांडपाणी अळ्या आणि सूक्ष्म जीव वाढवते; शेकाटे तर शहरी सांडपाण्याच्या डबक्यांवर आनंदाने जगतात आणि थापट्यालाही गाळायला खाद्य जास्त मिळते. बिघाड सुरू होतो तो केंदाळाने पृष्ठभाग झाकल्यावर. उजेड आत जात नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात, त्यांचे बी व कंद संपतात, विरघळलेला प्राणवायू घटतो. केंदाळाची लाट वाऱ्याने ढकलली जाऊन साचते ती काठाला, म्हणजे तोच उथळ पट्टा आधी झाकला जातो. कमळपक्ष्याची बोटे लांब असल्यामुळे तो या गादीवर सहज चालतो, जांभळी पाणकोंबडी तिचे कोंब खाते, पण बदकाला उतरायला उघडे पाणीच उरत नाही. पाणकावळ्यांची भरभराट का, याचेही उत्तर याच गढूळ, समृद्ध पाण्यात आहे : कमी प्राणवायूतही तग धरणारी चिलापी मासळी त्यांना बारमाही मिळते.

केंदाळ काढण्याची वेळ हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पोकलेन आणि बोटी काठाला लावून काम सुरू झाले, तर जी काही बदके परताळ्याच्या बाजूला टेकलेली असतात तीही उठून जातात, आणि दूरच्या प्रवासात चरबी साठवण्याच्या काळात प्रत्येक उड्डाणाचा खर्च त्यांना परवडणारा नसतो.

दूरच्या मुलखातले बदल

इथवरचे विवेचन वाचून असा समज होऊ शकतो की रंकाळ्याचा काठ दुरुस्त केला की बदके परततील. तसा भरवसा देता येत नाही, कारण ही बदके फक्त आपली नाहीत. ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाने ती येतात तो ३० देशांतून जातो. या मार्गावरचा अरल समुद्र १९६० नंतर सिंचनासाठी नद्या वळवल्यामुळे आटत गेला. एकेकाळी जगातले चौथ्या क्रमांकाचे असलेले ते सरोवर आज तुकड्यांत उरले आहे. उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे. स्थलांतराला निघण्याची खूण पक्ष्याला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते, आणि दिवसाची लांबी तापमानाबरोबर बदलत नाही. विणीच्या प्रदेशात मात्र वसंत आधी येतो आणि किड्यांचा बहर पक्षी पोहोचण्यापूर्वीच ओसरू लागतो. नेदरलँड्समध्ये कवड्या माशीमार पक्ष्यांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे अळ्यांचा बहर सर्वांत आधी येत होता त्या जंगलांत त्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्याचे आढळले होते. युरोपात काही बदके थंडीत पूर्वीइतकी दक्षिणेकडे उतरतच नाहीत, कारण उत्तरेतली तळी आता गोठत नाहीत.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो देशव्यापी अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात ९४२ जातींचा विचार केला होता आणि तो ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींवर आधारलेला होता. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटलेल्या आढळल्या. ज्या जातींच्या धोक्याच्या श्रेणीचा जागतिक पातळीवर फेरविचार करावा असे त्यात सुचवले आहे, त्यांत चक्रांग, तलवार बदक आणि आपली ती पायरीवरची सामान्य तुतारी या तिघांची नावे आहेत. तुतारीचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. रंकाळ्याच्या भिंतीने तिचे फारसे बिघडवलेले नाही, तरीही देशभरात ती घटते आहे. तिची घट आपल्याला चौपाटीवर उभे राहून कळणार नाही. उलट थापट्या रंकाळ्यावर न दिसणे म्हणजे थापटे कमी झाले असेही होत नाही. तो शहरालगतच्या कळंबा तलावावर किंवा उजनीला उतरला असेल. एका तलावावरची अनुपस्थिती आणि एका जातीची घट या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की उपाय चुकतात.

गणनेतला घोळ

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांची ती सांगड आहे. उपक्रम स्तुत्यच, आणि शाळकरी मुले तलावावर येतात ती याच आठवड्यात. परंतु लांबलेल्या पावसाच्या वर्षी हा आठवडा नेमका तलाव तुडुंब भरलेला असताना येतो. त्या दिवसांतली यादी जुन्या यादीशेजारी ठेवून बदके संपली असा निष्कर्ष काढणे म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतात जाऊन पीक आले नाही म्हणण्यासारखे आहे. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना तुलनेसाठी जास्त भरवशाची, कारण तोवर उताराचे काठ उघडे पडलेले असतात. त्या गणनेतही पाण्याची पातळी लिहिली जात नसेल, तर आकडा मुका राहतो : ४० बदके दिसली, पण काठाला चिखल किती होता?

काय करता येईल

शहराकडची भिंत पाडा असे कुणी म्हणणार नाही. चौपाटी कोल्हापूरकरांची आहे आणि राहील. परताळ्याकडचा मातीचा काठ मात्र अजून हातात आहे. सुशोभीकरणाच्या कुठल्याही आराखड्यात तिथे फरशी व कठडा न आणणे, ही बिनखर्चाची पहिली अट. गाळ काढताना त्या बाजूला उभा कापा न मारता काढलेल्या गाळाचाच ४०-५० मीटरला १ मीटर असा उतार करून ठेवणे, ही दुसरी. गाळात घातक धातू किंवा प्लास्टिक असेल तर तो वापरता येणार नाही, म्हणून आधी तपासणी हवी. केंदाळ काढण्याचे मोठे काम सप्टेंबरअखेर आटोपावे, आणि पाणकणसाची बेटे केंदाळ समजून सरसकट उपटू नयेत. त्यांत वटवट्यांसारखे छोटे हिवाळी पाहुणे राहतात. मोकाट कुत्र्यांचा वावर हा काठावरच्या पक्ष्यांना माणसांच्या गर्दीपेक्षा जास्त जाचक असतो, त्यासाठी पाणथळ भागाभोवती चराचे साधे कुंपण पुरते.

यातले कोणतेही काम करण्यापूर्वी परताळ्याच्या काठावर फूट-इंचाच्या खुणा असलेली एक पट्टी रोवावी आणि पक्षी मोजणाऱ्या प्रत्येकाने यादीच्या डोक्यावर त्या दिवशीची पातळी व उघड्या चिखलाची पावलांत मोजलेली रुंदी लिहावी. राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीवर पावसाळ्यात अख्ख्या शहराची नजर असते, तेव्हा फूट-इंचाची भाषा इथे कुणाला शिकवावी लागणार नाही. कळंबा आणि राजाराम तलावांवर त्याच सकाळी अशाच नोंदी झाल्या, तर पातळी उतरल्यावर बदके शहरातल्या शहरात जागा बदलतात की येतच नाहीत, हे तीन-चार हिवाळ्यांत वेगळे काढता येईल. जागा बदलत असतील तर उतार करण्याचा खर्च परताळ्यावर करावा. येतच नसतील तर तो पैसा रंकाळ्याच्या मातीत न घालता कळंब्याचा अजून मोकळा असलेला काठ राखण्यासाठी वापरावा.